जीपचा आवाज आणि आपली प्रयोगवही

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला विषय दिला होता 'संगणक क्षेत्रातील माझी वाटचाल'. या विषयावर मी दहा मिनिटे बोलले असते आणि तुम्ही सगळ्यांनी सभ्यपणे जांभया दिल्या असत्या. म्हणून मी परवानगी काढून विषय बदलून घेतला. आज मी एका जीपच्या आवाजाबद्दल बोलणार आहे. वाटचालीचा काही भाग त्यात आपोआप येईल, आणि आपल्या शाळेचा तर नक्कीच येईल.

जीप ज्याची आहे तो आपल्याच वर्गातला. 'माझं नाव घेतलंस तर उठून सरळ स्टेशनवर वडा खायला जाईन,' अशी त्याने तंबी दिली आहे, त्यामुळे नाव घेत नाही. तो मागून दुसऱ्या रांगेत बसला आहे. दहावीला गणितात राहिला, पुन्हा बसला नाही. काही वर्षे दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या आणि मग स्वतःची जुनी फोर बाय फोर जीप घेतली. कर्जतच्या बाजारातून डोंगरातल्या वाड्यांवर तो माल नेतो. रेशनचा तांदूळ, गॅसच्या टाक्या, सिमेंटची पोती, कधी लग्नाचे वऱ्हाड. वरून खाली येताना भाजी, करवंदे, आणि गरज पडली तर आजारी माणूस.

ही गाडी आपल्या डोंगरात का टिकून आहे, ते आधी थोडक्यात सांगते. जीपचा जन्म दुसऱ्या महायुद्धातला, अमेरिकेतला. पुढे महिंद्रांनी तिची जोडणी मुंबईत सुरू केली, आणि तेव्हापासून तिची पुढची पिढी, तिच्या पुढची पिढी, अशा गाड्या महाराष्ट्रातल्या घाटवाटांवर चालत आल्या आहेत. साध्या मोटारीत इंजिनाची ताकद दोनच चाकांना मिळते. फोर बाय फोरमध्ये गिअरबॉक्सच्या मागे आणखी एक पेटी असते, तिला ट्रान्सफर केस म्हणतात. तिच्यातून एक दांडा मागच्या चाकांकडे जातो आणि एक पुढच्या चाकांकडे. या दांड्यांना प्रोपेलर शाफ्ट म्हणतात. डांबरी रस्त्यावर फक्त मागची चाके ओढतात. चिखल आला, चढ आला की ड्रायव्हर एक लिव्हर ओढतो आणि पुढची चाकेही कामाला लागतात. पावसाळ्यात लाल चिखलाच्या चढावर आपल्या मित्राची गाडी चढते आणि बाकीच्या खाली थांबतात, ते या पुढच्या दांड्यामुळे.

आता आवाज. २०२४ च्या मे महिन्यात मी सुट्टीला आईकडे आले होते. मित्र घरी भेटायला आला तो चहा घेईपर्यंत गप्प. मग म्हणाला, 'गाडी पुढनं ओरडतेय. दीड महिना झाला. कोणाला सापडत नाय.' चाळीसच्या पुढे गेले की पुढून घुर्र, घुर्र, घुर्र असा घोगरा आवाज यायचा आणि पायाखालचा पत्रा थरथरायचा. त्याच्या म्हणण्याप्रमाणे आवाज पुढच्या डाव्या चाकातून येत होता. म्हणून त्याने त्या चाकाचे बेअरिंग बदलून घेतले. फरक नाही. मग उजव्याचेही बदलले. फरक नाही. मग कोणी म्हणाले किंगपिन गेले, ते बदलले. कोणी म्हणाले पाट्यांचे बुश गेले, तेही बदलले. आवाज तसाच. शेवटी एकाने सांगितले की पुढचे डिफरन्शियलच खलास आहे, अख्खा पुढचा ॲक्सल उतरवावा लागेल. त्याचा जो आकडा सांगितला तो भाताच्या एका हंगामातून निघणाऱ्या पैशांहून जास्त होता. दुसऱ्या एकाने सांगितले की जुनी गाडी आहे, आवाज करणारच, रेडिओ मोठा लाव.

त्याला या दोन्हींतले काहीच करता येईना. पैसे नव्हते. आणि रेडिओ लावून तो आवाज झाकायला तो तयार नव्हता, त्याला कारण होते.

आपण सगळे इथलेच. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली, ते कोणाला सांगायला नको. वाडीपर्यंत गाडीचा रस्ता नव्हता. मदतीला गेलेली माणसे भर पावसात, अंधारात, निसरड्या वाटेने पायी चढली. त्या रात्रीनंतर आपल्या भागात 'तुमच्याकडे गाडी कुठवर येते?' हा प्रश्न वेगळ्याच सुरात विचारला जातो. मित्राची जीप ज्या वाडीवर जाते तिथे कच्चा रस्ता आहे, पण पावसाळ्यात तो रस्ता त्याच्याच गाडीपुरता. त्या वर्षी वाडीतल्या दोघी पोटुशी होत्या, एकीचे दिवस जुलैत भरत होते, दुसरीचे ऑगस्टमध्ये. आशाताईंनी त्याला सरळ विचारले होते, 'भाऊ, पावसात गाडी चालू राहील ना? तसं असेल तर सांगा, त्यांना आत्ताच खाली नातेवाइकांकडे पाठवू.' त्याला हो म्हणता येत नव्हते आणि नाही म्हणवत नव्हते. गाडीच्या पुढच्या भागात नेमके काय ओरडते आहे हे ठाऊक नसताना त्या चढावर बाळंतीण घेऊन उतरायचे कसे, हा त्याचा प्रश्न होता.

माझे काम सॉफ्टवेअरचे. लाखो ओळींच्या प्रोग्राममध्ये कुठेतरी काहीतरी बिघडते आणि ते शोधायचे असते. आमच्याकडे एक नियम असतो: बिघाड आधी हवा तेव्हा पुन्हा घडवून दाखवा, मग त्याच्यामागे लागा. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. पण खरे सांगू का, हा नियम मला कंपनीत शिकावा लागला नाही. आपल्या विज्ञानाच्या सरांनी प्रयोगवहीत पाच मथळे लिहून घेतले होते. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. आणि निरीक्षणाच्या खाली कोणी 'वायू हायड्रोजन आहे' असे लिहिले की सर लाल शाईने खोडायचे. 'तुला हायड्रोजन दिसला का? तुला काय दिसलं ते लिही. काडी धरल्यावर फट् असा आवाज झाला, हे निरीक्षण. हायड्रोजन आहे, हे अनुमान.' सर, तुम्ही समोर बसला आहात, म्हणून सांगते, त्या लाल शाईवर माझे अर्धे करिअर उभे आहे.

मी मित्राला म्हटले, एक वही घे. तो गाडीतून हिशेबाची वही घेऊन आला. तिच्यात प्रत्येक कामाची तारीख होती, कोणता पार्ट, किती पैसे. मी म्हटले, आता मागच्या कोऱ्या पानावर दोन रकाने कर. एकात निरीक्षण, एकात अनुमान. 'डाव्या चाकातून आवाज येतो' हे कुठे लिहायचे? तो थोडा थांबला आणि म्हणाला, 'अनुमानात. मी चाकात थोडाच बसलोय.' बाई, तुम्ही हसता आहात, पण तिथेच अर्धे काम झाले होते. त्याआधी जे जे बदलले होते, ते सगळे अनुमानाच्या रकान्यातले होते. निरीक्षणाचा रकाना रिकामा होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला आम्ही कर्जत-चौक रस्त्यावर गेलो. रहदारी नसते, आणि सरळ पट्टे मिळतात. मी शेजारी वही घेऊन बसले. स्पीडोमीटरचा काटा जुन्या गाडीत नाचतो, म्हणून वेग फोनच्या जीपीएसवर पाहिला.

पहिला प्रश्न: आवाज इंजिनाचा आहे की चाकांचा? पन्नासच्या वेगाला क्लच दाबला, इंजिन एकदम खाली आले. आवाज तसाच. म्हणजे इंजिन, क्लच यांचा संबंध नाही. जे काही ओरडते आहे ते गाडीच्या वेगाबरोबर फिरते आहे.

दुसरा प्रश्न: वळणावर काय होते? चाकाचे बेअरिंग खराब असेल तर डावीकडे वळताना उजव्या चाकावर भार जातो आणि आवाज बदलतो, उजवीकडे वळताना उलटे. रस्ता मोकळा होता, त्याने गाडी हलकेच डावी-उजवी डोलवली. काहीही फरक नाही.

तिसरा प्रश्न: ब्रेक हलका दाबला तर? फरक नाही. म्हणजे ब्रेकमध्ये अडकलेला खडा किंवा घासणारा पत्रा नाही.

चौथा प्रश्न: ॲक्सिलरेटर दाबला आणि सोडला तर? गाडी तेव्हा टू व्हीलवर होती, म्हणजे इंजिनाची ताकद फक्त मागे जात होती. दाबला, सोडला, दाबला, सोडला. आवाज ढिम्म. ही फार महत्त्वाची गोष्ट होती. ताकद वाहून नेणाऱ्या भागात दोष असता तर ताकद कमी-जास्त होताना आवाज बदलला असता. म्हणजे जे ओरडते आहे ते गाडीबरोबर फिरते आहे, पण ओझे वाहत नाही.

पाचवे निरीक्षण त्याचे स्वतःचे. तो म्हणाला, 'एक सांगू? गाडी भरलेली असली की कमी ओरडते. रिकामी आली की जास्त.' मी विचारले, हे गॅरेजमध्ये सांगितलेस का? म्हणाला, 'विचारलंच नाय कोणी.' आम्ही ते पाच नंबरला लिहिले.

आता थोडे कानाबद्दल. आवाज डाव्या चाकातून येतो असे त्याला वाटत होते, आणि गाडीत बसल्यावर तसेच वाटायचे. पण माणसाचा कान उंच आवाजाची दिशा चांगली ओळखतो आणि घोगऱ्या आवाजाची वाईट. हवेत आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर. सेकंदाला साठेक कंपने असलेल्या आवाजाची एक लाट साडेपाच मीटर लांब असते. म्हणजे जीपहून लांब. आपल्या दोन कानांत अंतर जेमतेम एक वीत. तेवढ्या अंतरात त्या लाटेचा फरक दोन्ही कानांना कळत नाही. शिवाय लोखंडातून कंपन चेसिसभर पळते आणि जिथला पत्रा सैल असेल तिथे जाऊन बोलते. रात्री घाट चढणाऱ्या गाडीचा आवाज आपण लहानपणी अंथरुणात पडून ऐकायचो, तेव्हा तो कधी पळसदरीकडून वाटायचा, कधी घरामागच्या टेकडीतून. तसेच हे. जिथे ऐकू येतो तिथेच आवाज जन्मतो असे नाही.

मग मोजायचे कसे? कानाऐवजी फोनकडून. फोनमध्ये कंपन टिपणारा सेन्सर असतो. फोन फडक्यात गुंडाळून पायाखालच्या पत्र्याला घट्ट बांधला. सेकंदाला किती कंपने होतात याचा आलेख काढणारे फुकट ॲप मिळते. पन्नासच्या वेगाला एक उंच शिखर दिसले: सेकंदाला ६२ कंपने. चाळीसला तेच शिखर खाली सरकले: ४९ ते ५०. तीन-तीन वेळा केले, तेच आकडे.

घरी आलो आणि गाडीत सेकंदाला ६२ वेळा काय घडते ते शोधायला बसलो. टायरवर खडूची खूण केली, गाडी ढकलून चाकाचा एक फेरा पूर्ण केला आणि जमिनीवर टेप लावली. २ मीटर २० सेंटिमीटर. पन्नासच्या वेगाला गाडी सेकंदाला सुमारे १३.९ मीटर जाते, म्हणजे चाक सेकंदाला सव्वासहा फेरे घेते. ६२ पासून फारच लांब. मग आम्ही मागच्या चाकांना दगडाची ओट लावली, पुढचे एक चाक जॅकने उचलून खाली घोडी ठेवली आणि पुढच्या दांड्यावर खडूची रेघ मारली. दुसरे चाक जमिनीवर असताना उचललेले चाक दोन पूर्ण फेरे फिरवले की दांडा किती फिरतो ते मोजायचे. डिफरन्शियलच्या रचनेमुळे दोन फेरे फिरवावे लागतात. मी चाक फिरवत होते, तो आडवा पडून मोजत होता. पाचाला जरा कमी. ४.९ धरा. सव्वासहाला ४.९ ने गुणले की जवळजवळ ३१. म्हणजे पन्नासच्या वेगाला पुढचा दांडा सेकंदाला ३१ फेरे घेतो.

आणि आमचा आकडा ६२. बरोबर दुप्पट. चाळीसच्या वेगालाही तेच: दांडा पावणेपंचवीस, कंपन साडेएकोणपन्नास.

गुणाकार मित्राने केला. गणितात राहिलेला हाच तो. हिशेबाच्या वहीत रोज करतो, त्याला काय अवघड.

आता प्रश्न एकच उरला. दांड्याच्या एका फेऱ्यात दोनदा घडणारी गोष्ट कोणती? इथे मला इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षातले आठवले, आणि त्याचे मूळ पुन्हा आपल्याच पाठ्यपुस्तकात आहे. स्प्रिंगच्या ताणाचा नियम सांगणारा रॉबर्ट हूक आठवतो? सतराव्या शतकातला इंग्रज शास्त्रज्ञ. त्याच्याच नावाने ओळखला जाणारा एक सांधा जगभरच्या ट्रक-जीपमध्ये असतो. दोन दांडे कोनात जोडायचे असले की मध्ये अधिक चिन्हासारखा एक तुकडा बसवतात. आपले मिस्त्री त्याला 'क्रॉस' म्हणतात. दांड्याच्या टोकाला दोन कान असतात, त्या कानांत तो क्रॉस फिरतो.

या सांध्याची एक खोड आहे. एका बाजूने दांडा अगदी एकसारखा फिरवला तरी दुसऱ्या बाजूचा दांडा एकसारखा फिरत नाही. प्रत्येक फेऱ्यात दोनदा तो जरा पुढे पळतो आणि दोनदा जरा मागे राहतो. कोन दहा अंशांचा असेल तर वेगात दीड टक्क्याचा चढउतार, वीस अंशांचा असेल तर सहा टक्क्यांहून जास्त. कोन वाढला की हिसका झपाट्याने वाढतो.

मग गाड्या चालतात कशा? कारण दांड्याला दोन सांधे असतात, एक इकडे, एक तिकडे. पहिला जेव्हा पुढे पळतो तेव्हा दुसरा तेवढाच आवरतो. आपल्या आज्या जात्यावर समोरासमोर बसून दळायच्या. एक ओढायची तेव्हा दुसरी सोडायची, आणि जाते गरगर फिरायचे. दोघींचा ताल चुकला की खुंटा हातात धक्के द्यायचा. दोन सांध्यांचेही तसेच. त्यांचा ताल जुळायला एक अट आहे: दांड्याच्या दोन टोकांचे कान एकाच रेषेत हवेत.

आणि जीपचा दांडा अखंड नसतो. खड्ड्यात चाक वर-खाली होते तसा दांडा लांब-आखूड व्हावा लागतो, म्हणून तो दोन भागांत असतो आणि एकाचे दाते दुसऱ्याच्या खाचांत सरकतात. हे दोन भाग वेगळे केले की पुन्हा बसवताना ते कोणत्याही दातावर बसतात. चुकीच्या दातावरही बिनतक्रार बसतात. म्हणून पुष्कळदा दोन्ही भागांवर बाणाची खूण कोरलेली असते. बाणासमोर बाण आला पाहिजे.

मी हे कागदावर काढून दाखवत होते, तोवर तो जीपखाली गेलासुद्धा. चिंधीने चिखल आणि ग्रीस पुसले आणि खालूनच ओरडला, 'अगं, हे कान बघ! एक इकडं तोंड करून बसलाय, दुसरा तिकडं!' दांड्यावर बाण होते. दोन दातांनी चुकले होते.

हिशेबाच्या वहीत मागे गेलो. मार्चच्या शेवटी एक नोंद होती: पुढच्या शाफ्टचे दोन्ही क्रॉस बदलले. आवाजाची पहिली तक्रार त्यानंतर आठवड्याने. कोणत्या गॅरेजमध्ये ते काम झाले ते मी सांगणार नाही आणि त्याची गरजही नाही. पावसाळ्याआधी गाड्यांची रांग लागलेली असते, खुणा ग्रीसखाली झाकलेल्या असतात, एक दात इकडे-तिकडे होतो. गाडीत खोट नव्हती, नवे क्रॉसही चांगले होते. फक्त जोडणी दोन दात सरकली होती.

आमच्या वहीतल्या पाचही निरीक्षणांना हे कारण लागू पडते का, ते एकेक करून पाहिले. या जीपच्या पुढच्या हबला सुटे करायची सोय नाही, म्हणून टू व्हीलवरही पुढची चाके त्या दांड्याला फिरवतात; म्हणून आवाज वेगाबरोबर वाढतो आणि क्लचने बदलत नाही. दांडा तेव्हा ओझे वाहत नाही, म्हणून ॲक्सिलरेटरचा परिणाम नाही. चाके आणि ब्रेक ठीक, म्हणून वळणाचा आणि ब्रेकचा परिणाम नाही. आणि गाडी भरली की पाटे दबतात, चेसिस खाली येते, दांड्याचा कोन कमी होतो, हिसका कमी होतो. 'विचारलंच नाय कोणी' असे तो ज्याच्याबद्दल म्हणाला होता, ते निरीक्षण सगळ्यांत बोलके होते.

तरी आम्ही लगेच दुरुस्त केले नाही. आधी दांडा पूर्ण काढून ठेवला आणि फक्त मागच्या चाकांवर त्याच रस्त्याने फेरी मारली. आवाज गायब. म्हणजे दोष दांड्यातच, दुसरे काही नाही. मग बाणासमोर बाण आणून, ग्रीस भरून, बोल्ट नीट आवळून तो परत बसवला. पुन्हा फेरी. पन्नासला, साठला शांत. फोनवरचे ते शिखर जमिनीला टेकले होते. चौकच्या बाजूला गाडी थांबवली तेव्हा समोर इर्शाळगड दिसत होता. तो काही बोलला नाही. फोन काढून आशाताईंना एवढेच सांगितले, 'गाडी चालू राहील.'

खर्च: मूठभर ग्रीस. आणि तो तसाच चालवत राहिला असता तर? तालाबाहेरच्या हिसक्यांनी नवे क्रॉस झिजले असते, आणि कधीतरी चढावर, फोर व्हील लावून पूर्ण जोर देताना, सांधा तुटला असता. पुढचा दांडा तुटून टोक जमिनीत रुतले तर गाडी कशी वागते, ते इथे बसलेल्या ड्रायव्हर मंडळींना मी सांगायला नको.

त्या जुलैत पहाटे तीनला आणि ऑगस्टमध्ये भर दुपारी, अशी दोनदा ती जीप त्या वाडीवरून बाई घेऊन कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयात उतरली. दोन्ही वेळा पुढची चाके लागली. एक मुलगी, एक मुलगा. मुले बरी आहेत.

मित्रहो, मला यातून एकच गोष्ट मांडायची आहे. बेअरिंग, किंगपिन, बुश यांवर गेलेला पैसा कोणाच्या अप्रामाणिकपणामुळे गेला नाही. अनुमान निरीक्षणाच्या रकान्यात लिहिले गेले, म्हणून गेला. 'पुढून आवाज, म्हणजे बेअरिंग.' 'जुनी गाडी, म्हणजे आवाज करणारच.' आपण गाड्यांबाबत हे करतो, दुखण्यांबाबत करतो, आणि माणसांबाबत तर रोज करतो. 'गणितात पस्तीस मिळाले नाहीत' हे निरीक्षण आहे. 'ढ आहे' हे अनुमान आहे. आपल्या वेळी कितीतरी जणांच्या वहीत ते चुकीच्या रकान्यात लिहिले गेले, घरात, गल्लीत, नातेवाइकांत, आणि त्यांनी ते खरे मानून आयुष्य काढले. मागून दुसऱ्या रांगेतल्या माणसाने गाडी भरल्यावर आवाज कमी होतो हे दीड महिना ध्यानात ठेवले होते. प्रत्येक कामाची तारीख लिहून ठेवली होती. माझ्या टीममध्ये मोठ्या पदव्यांची मुले आहेत. त्यांच्याकडून एवढी नीट नोंद मिळवायला मला महिना महिना मागे लागावे लागते.

शेवटी मुख्याध्यापकांना एक विनंती. आम्ही दोघांनी ठरवले आहे की दिवाळीच्या सुट्टीनंतर एका शनिवारी ही जीप शाळेच्या मैदानात आणायची. नववीच्या मुला-मुलींना चाक उचलून द्यायचे, खडू द्यायचा, टेप द्यायची आणि दांडा किती फिरतो ते मोजायला लावायचे. हूकचा सांधा फळ्यावर समजत नाही, हाताने फिरवला की दोन मिनिटांत समजतो. घोडी आणि दगड आम्ही आणू. मुलांनी जुने कपडे आणि प्रयोगवही आणावी. शिकवणार तो, मी फक्त वहीचे रकाने तपासणार. लाल पेन मात्र सरांकडून मागून घेईन.

सर, परवानगी द्यावी.